करदोड्याखाली गेलेली किडनी

शेख मॅडम नसत्या तर मी आज नगरमध्ये नसतो. गोंदियाच्या गाडीत बसवून मला कधीच परत पाठवलं असतं. म्हणून आधी त्यांचं नाव लिहितो आणि मग काय झालं ते सांगतो.

शेख मॅडम आमच्या स्कॅन सेंटरमध्ये सीनियर टेक्नॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे सीटी मशीन चालवतात. मी त्यांच्या हाताखाली अटेंडंट. पेशंटला गाऊन द्यायचा, अंगावरचं सोनं-चांदी, चष्मा, किल्ल्या काढून घ्यायच्या, टेबलावर झोपवायचं, हात डोक्यावर घ्यायला सांगायचे आणि घाबरला असेल तर दोन शब्द बोलायचे. नववीनंतर माझी शाळा सुटली. गाव सालेकसा तालुक्यात, इथून रात्रभराच्या पलीकडचा प्रवास. चुलतभावाच्या ओळखीने आधी एमआयडीसीत आलो, तिथलं काम सुटलं आणि इथे चिकटलो. शहराच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, बोलताना सगळे नगरच म्हणतात.

पहिले सहा महिने मला रोज वाटायचं, आज काढून टाकतील. स्कॅनचं टेबल मागे-पुढे करताना मी एकेक बटण दोनदा तपासायचो. मॅडमनी कधी आवाज चढवला नाही. त्या म्हणायच्या, "बेटा, मशीनला घाबरू नको. मशीनला काही कळत नाही. माणसाकडे बघ." मशीन नीट चालवणारं माणूस सेंटरमध्ये त्या एकच. त्यामुळे ईदच्या दिवशीसुद्धा शिरखुर्म्याची वाटी हातात धरून त्या फोनवर सांगत असतात, हिरवं बटण नाही, त्याच्या शेजारचं.

तर त्या दिवशी टेबलावर सुभाष अण्णा झोपले होते.

सुभाष अण्णा घोडेगावचे. शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात गायींचे सौदे जमवून देतात. अंगाने भारी, पोट सुटलेलं, मिशा कोरलेल्या. त्यांची मोठी बहीण मंगलताई सोनईला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि ती डायलिसिसवर होती. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून, मशीनमधून गाळून परत आत सोडणं. त्यासाठी हाताची शीर लागते. तिच्या हाताच्या शिरा एक-एक करून बंद पडत चालल्या होत्या. आई म्हातारी आणि तिला शुगर. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही. राहिला भाऊ. भाऊ म्हणाला, घ्या माझी.

किडनी देणाऱ्याचं एक स्कॅन करतात. दोन्ही किडन्या किती मोठ्या आहेत, रक्तवाहिन्या कशा आहेत, हे त्यात बघतात. दोन्ही साधारण सारख्या असतील तर एक काढता येते. एक बरीच लहान निघाली तर डॉक्टरांना शंका येते, की ती आजारी तर नाही. मग देणारा बाद होऊ शकतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

स्कॅनच्या आधी मशीन एक साधा, एक्स-रेसारखा फोटो काढतं. तो स्क्रीनवर आला आणि मॅडम थांबल्या. कमरेवर पांढरी जाड रेघ होती.

त्यांनी माईकवरून विचारलं, "अण्णा, कमरेला चांदी आहे ना?"

"करदोडा हाय. त्या भाऊला सांगितलं की मी मगाशीच. हाय म्हनलं, आन काढायचा न्हाई हेबी म्हनलं."

खरं होतं. मी विचारलं होतं, त्यांनी सांगितलं होतं आणि मी ते येऊन मॅडमना सांगतच होतो.

या भागात पुरुषाची कंबर मोकळी ठेवत नाहीत. करदोडा उतरतो तो माणूस गेल्यावर, तिरडीवर. आमच्याकडेही तसंच आहे, फक्त आमचा दोऱ्याचा असतो. सुभाष अण्णांचा चांदीचा होता, चांगला बोटाएवढा जाड, डाव्या अंगाला मोठा फासा. त्यांच्या लग्नात मंगलताईनेच सोनईच्या सोनाराकडून घडवून घातलेला. फासा सोनाराने कायमचा बंद केलेला. मोठ्या ऑपरेशनला निघालेल्या माणसाला तुम्ही म्हणता, तो काढा. तो काय समजणार?

शेख मॅडमना यात नवीन काही नव्हतं. त्यांच्या ड्रॉवरमध्ये काळ्या करगोट्यांची जुडी असते, माळीवाड्यातून आणलेली. जुना बदलायचा तर आधी नवा बांधायचा आणि मगच जुना काढायचा. कंबर एक क्षणही मोकळी राहत नाही, माणसाच्या मनाला लागत नाही आणि आमचं स्कॅन स्वच्छ येतं. कितीतरी पेशंट मी असे पाहिलेत.

मॅडम आत गेल्या. "अण्णा, आधी हा काळा बांधू. मग कोपऱ्यावर सोनार आहे, तो फासा उघडून देईल. स्कॅन झालं की परत घाला."

अण्णांनी विचार केला. "आदी बांधनार ना?"

"आधी."

"मग चालंल. बांधा."

माणूस तयार झाला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. माणूस तयार झाला होता.

एवढ्यात मॅनेजर जगदाळे सर आत आले. बाहेर गर्दी होती, उपाशीपोटी बसलेले पेशंट कुरकुर करत होते.

"काय चाललंय? टेबल का थांबलं?"

मॅडमनी सांगितलं.

"सोनाराकडे? हे स्कॅन सेंटर आहे का जत्रा? वर सरकवा आणि घ्या."

"सर, चांदी आहे. रेषा येतील."

"नवीन सॉफ्टवेअर कशाला बसवलंय? मेटल खातं ते. कंपनीवाल्याने डेमोत दाखवलं नाही का? ए गोंदिया, सरकव वर."

सर मला नावाने कधी हाक मारत नाहीत.

मी सरकवला. पोटावरून करदोडा छातीपर्यंत जाईना, बरगड्यांच्या खाली जाऊन अडकला. फासा डाव्या पाठीकडे वळला. किडन्या बरोबर तिथेच असतात. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "सर, ही तर उलट जास्त वाईट जागा आहे." सर म्हणाले, "घ्या, घ्या," आणि दारातच उभे राहिले. शिरेतून डाय गेला, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसायचं औषध. ते एकदा गेलं की लगेच दुसऱ्यांदा देत नाहीत.

स्कॅन झाल्यावर मॅडमनी सरांना बोलावून स्क्रीन दाखवली. "हे बघा. मुळे मॅडमना सांगा, डाव्या किडनीच्या खालच्या भागात रेषा आहेत. तिथलं माप धरू नका म्हणावं." डॉ. मुळे मॅडम पुण्यात बसून आमची स्कॅन वाचतात. त्यांच्याशी फोनवर बोलायचं काम सरांचं, हा सरांनीच केलेला नियम.

"सांगतो," सर म्हणाले.

सांगितलं नाही.

रेषा म्हणजे काय, ते सांगतो. राहुरीकडून येताना समोर उसाची ट्रॉली असावी, तिच्या मागून मोठ्या लाईटची गाडी यावी, आणि आपल्या काचेवर वायपरने ओरखडे पडलेले असावेत. लाईटचे कसे चारी बाजूंनी फाटे फुटतात? रस्ता दिसत नाही, नुसते फाटे दिसतात. शरीरावर धातू असला की स्कॅनमध्ये तसंच होतं. पांढरे-काळे पट्टे उमटतात. ते शरीरात नसतात, फक्त फोटोत असतात. याला आर्टिफॅक्ट म्हणतात. रस्ता जिथल्या तिथे असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच.

आता सॉफ्टवेअर. पूर्वी किडनी मोजायची तर डॉक्टर स्क्रीनवर माऊसने तिच्याभोवती कड काढत. एक-एक काप घेऊन, चिकाटीने. नवीन सॉफ्टवेअर ते आपोआप करतं. लिव्हर तपकिरी, प्लीहा जांभळी, किडन्या हिरव्या, असे रंग भरतं आणि शेवटी एक तक्ता देतं, कुठला अवयव किती मोठा. याला सेगमेंटेशन म्हणतात. स्वच्छ स्कॅनवर ते छान चालतं, मी खोटं बोलणार नाही. पण पट्टे आले की त्याला किडनीची कड सापडत नाही. मग ते जिथे कड हरवते तिथेच किडनी संपली असं धरतं. थांबून विचारत नाही. शंका दाखवत नाही. सरळ आकडा देतं, आणि आकडा चुकीचा असला तरी छापून तितकाच नीटनेटका येतो.

त्या दिवशी तक्ता आपोआप रिपोर्टला जोडला गेला. रंगीत चित्र आत कुठेतरी राहिलं. ते उघडायला एक बटण दाबावं लागतं. कुणी दाबलं नाही.

काही दिवसांनी बहीण-भाऊ दोघं सेंटरवर आले. मंगलताई डायलिसिस करून थेट आल्या होत्या, हाताला पट्टी होती. सुभाष अण्णांचा चेहरा उतरलेला.

"भाऊ," ते मला म्हणाले, "माझी डावी किडनी बारीक हाय म्हनत्यात. पुन्याच्या हास्पिटलवाले म्हनले, दुसरा मानूस आना. आता दुसरा मानूस कुठून आनू? बाजारातनं?"

मंगलताई बाकावर बसल्या होत्या. "हा लहानपणापासून खातो दोघांचं," त्या म्हणाल्या, "आणि किडनी बारीक कशी निघाली, ते विचारा." त्या हसल्या, पण हसताना त्यांना दम लागत होता. मला तो दम आजही ऐकू येतो.

अण्णा घरी नीट जेवतही नव्हते. त्यांना वाटत होतं, आपल्यालाच काहीतरी रोग आहे. बायको म्हणत होती, बघा, देव वाचवतोय तुम्हाला. गावात कुणीतरी म्हणालं, कच खाल्ली असेल, ऐनवेळी मागे फिरला आणि रिपोर्टचं निमित्त केलं. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत असं बोललेलं कुणाला सहन होईल?

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी स्कॅन उघडलं आणि ते बटण दाबलं.

स्क्रीनवर दोन हिरव्या किडन्या आल्या. उजवी घेवड्याच्या बीसारखी, जशी असते तशी. डावी वरून गोल आणि खाली सपाट. सुरीने आडवी चिरल्यासारखी. चिरेच्या खाली सगळे पट्टेच पट्टे. माणसाच्या पोटात अशी किडनी नसते. हे ओळखायला कुठली पदवी लागत नाही, नुसतं बघावं लागतं.

"ही माझी?" अण्णांनी विचारलं.

"तुमची नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमची पूर्ण आहे, असं मला वाटतं. खालचा भाग करदोड्याखाली गेलाय. यंत्राला दिसला नाही."

अण्णांनी स्क्रीनवरच्या त्या चिरेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, आमी बाजारात गाय घेतो. दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो. कुनी नुसती चिठ्ठी दिली, तर चिठ्ठी घेऊन घरी जातो व्हय? तुमी एवढी शिकलेली मानसं. माझ्या बहिनीचा जीव चिठ्ठीवर लावला?"

मॅडमनी मान खाली घातली. खरं तर मान खाली घालायचं काम त्यांचं नव्हतं.

ज्यांचं होतं ते केबिनमध्ये होते. आम्ही सगळे तिकडे गेलो. मॅडमनी सांगितलं, रिपोर्ट मागे घ्यायला हवा, अण्णांचं पुन्हा स्कॅन करायला हवं, आपल्याकडून, आजच.

जगदाळे सर म्हणाले, "रिपोर्ट मागे? या सॉफ्टवेअरची ट्रायल चालू आहे. पुढच्या आठवड्यात कंपनीचे लोक येणार आहेत. आणि आपली चूक काय? धातू पेशंटच्या अंगावर होता."

त्यांनी स्पीकर लावून कंपनीच्या सपोर्टला फोन केला. तिकडचा मुलगा हिंदीत बोलत होता, फार नम्रपणे. "सर, हमारा मॉडल क्लीन डेटा पे ट्रेन हुआ है. पेशंट के बॉडी पे मेटल नहीं होना चाहिए. ये तो बेसिक है."

मॅडमनी विचारलं, "डेमोमध्ये तर म्हणाला होतात, मेटल चालतं."

"मॅडम, वो हिप इम्प्लांट के लिए था."

म्हणजे हाडात बसवलेल्या धातूसाठी. कमरेवरच्या चांदीचं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मला तिथेच संताप आला. या सॉफ्टवेअरने ज्यांच्या पोटाची चित्रं बघून धडे गिरवले, त्यांच्या कमरेला काही नसेल. अण्णांच्या नेवासे तालुक्यात कमरेला काहीच नसलेला पुरुष शोधून दाखवा. इथली माणसं मोजायला यंत्र आणलं, पण इथल्या माणसाची कंबर कशी असते हे कुणी विचारलं नाही. आणि वर म्हणतात, हे तर बेसिक आहे.

सरांनी फोन ठेवला आणि माझ्यासमोर कागद सरकवला. "लिही. पेशंटला विचारलं असता त्याने धातूची वस्तू लपवली. सहकार्य केलं नाही. खाली सही कर."

सुभाष अण्णा समोर उभे होते. मंगलताई दाराला धरून उभ्या होत्या.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो खोलीभाड्याचा आणि आईचा. आईला मी सांगून ठेवलं होतं, आता नोकरी पक्की आहे. हातात पेन होतं. पण अण्णांनी मला सांगितलं होतं. टेबलावर बसता-बसता, स्वतःहून, बोट लावून दाखवलं होतं.

मी म्हणालो, "सर, त्यांनी लपवला नव्हता. मला सांगितलं होतं. काळा दोरा बांधून काढायला ते तयार पण झाले होते."

"तुला विचारलं का, गोंदिया? नववी नापास. गाऊन द्यायला ठेवलाय तुला. उद्यापासून येऊ नको."

मी नववी पास आहे. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

शेख मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे सर. मग उद्यापासून मीही येत नाही."

"मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्ये नाही पडत. बाजूला होते. मशीन तुम्ही चालवा. सॉफ्टवेअर आहेच."

मॅडमनी माझ्यासमोरचा कागद उचलला, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "याचं घर इथे नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून याच्याकडून लिहून घेताय. माझं घर इथेच, कोठल्याला आहे. लिहायचं ते मी लिहीन. जे झालं तेवढंच लिहीन, आणि पुण्याच्या हॉस्पिटलला पाठवीन. माझ्या नावाने."

मग त्यांनी सरांचा नियम मोडला. स्वतःच्या मोबाईलवरून स्पीकर लावून थेट डॉ. मुळे मॅडमना फोन लावला आणि सरांसमोरच सगळं सांगितलं.

पलीकडे माऊसची टिकटिक ऐकू आली. डॉक्टर स्कॅन उघडत असणार. मग आवाज आला. "रेषा मी पाहिल्या होत्या. रक्तवाहिन्या वरच्या भागात असतात, त्या नीट दिसत होत्या, म्हणून त्यावर लिहिलं. तक्ता आपोआप जोडलेला होता. त्याचं चित्र मी उघडलं नाही. मला कुणी काही कळवलंही नाही, पण चित्र उघडायला कळवायची गरज नव्हती. रिपोर्टवर सही माझी आहे. तो मी आत्ता मागे घेते."

या सगळ्या प्रकरणात "माझी" हा शब्द तेवढा एकाच वरिष्ठ माणसाने वापरला.

डॉक्टरांनी पुढे सांगितलं, डाय पुन्हा द्यायची गरज नाही. साधं स्कॅन घ्या, फक्त किडन्यांपुरतं, किरण कमीत कमी ठेवून. माप त्या स्वतः हाताने काढतील. "आणि जगदाळे सर तिथे असतील तर त्यांना सांगा, या स्कॅनचं बिल होणार नाही."

सर खिडकीबाहेर बघत होते.

मॅडमनी ड्रॉवर उघडला. काळा करगोटा काढून माझ्या हातात दिला. मी तो अण्णांना बांधणार, तेवढ्यात मंगलताई म्हणाल्या, "भाऊ, तो मला द्या."

त्यांच्या एका हाताला पट्टी होती. तरी त्यांनीच बांधला. गाठ मारताना बोटं नीट वळत नव्हती, म्हणून मी टोक धरून ठेवलं. अण्णा हात वर करून लहान मुलासारखे उभे होते.

"आवळ ना जरा," ते म्हणाले.

"आवळला तर तुझी राहिलेली पण बारीक होईल," ताई म्हणाल्या.

मग मी अण्णांना कोपऱ्यावर घेऊन गेलो. सोनाराने फासा उघडला. चहा यायच्या आत काम झालं. एवढ्याशा कामासाठी त्या दिवशी आम्हाला वेळ नव्हता. परत आल्यावर अण्णांनी चांदीचा करदोडा रुमालात बांधून ताईंच्या ओटीत ठेवला आणि आत आले.

या वेळी कमरेवर रेघ नव्हती. पट्टे नव्हते. मॅडमनी गंमत म्हणून तेच सॉफ्टवेअर त्या स्कॅनवर चालवलं. दोन्ही किडन्या हिरव्या, पूर्ण, घेवड्याच्या बीसारख्या. डॉ. मुळे मॅडमनी हाताने काढलेलं मापही तसंच आलं. डावी-उजवीत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. अण्णांना दाखवलं, तर ते म्हणाले, "मंग इतके दिवस मला आजारी कुनी पाडलं?" त्याचं उत्तर केबिनमध्ये बसलं होतं.

नवीन रिपोर्ट आणि शेख मॅडमचं पत्र दोन्ही पुण्याला गेलं. तिथल्या डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करून खात्री केली आणि अण्णांना परत घेतलं. मधल्या काळात मंगलताईंची आणखी एक शीर बंद पडली. गळ्याजवळून नळी घालावी लागली, तिथे जंतुसंसर्ग झाला, ताप आला, ऑपरेशन पुढे गेलं. ते दिवस कुणाच्या हिशेबात लिहायचे, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या सेंटरच्या हिशेबात ते नाहीत.

शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डावीच काढली. तिची शीर लांब असते, जोडायला सोपी पडते, असं शेख मॅडमनी मला समजावलं. जी बारीक म्हणून बाद झाली होती ती किडनी आता सोनईला मंगलताईंच्या पोटात काम करते आहे. अण्णा परवा येऊन गेले. चांदीचा करदोडा परत कमरेला होता. फासा या वेळी उघडता येईल असा करून घेतलाय, म्हणाले. "पुन्हा तुमच्यासारखे भेटले म्हंजे?"

सेंटरमध्ये काय बदललं, तेही सांगतो. दारावर नवीन स्टिकर लागलं, 'धातूच्या वस्तू लपवू नयेत, जबाबदारी रुग्णाची'. लपवू नयेत. अजूनही. मी रोज त्या स्टिकरसमोरून जातो आणि रोज माझं डोकं फिरतं. जगदाळे सरांनी कंपनीच्या लोकांना सांगितलं, आमच्या टीमने एक महत्त्वाचा फीडबॅक दिला. कंपनीने त्यांना शाल आणि पेनचा सेट दिला. डॉ. मुळे मॅडमनी मात्र कळवून टाकलं, की रंगीत चित्र टेक्नॉलॉजिस्टने आणि त्यांनी स्वतः उघडून पाहिल्याशिवाय एकही तक्ता बाहेर जाणार नाही. तेवढी एक गोष्ट झाली. या कामात शिकलो ते एवढंच, की आकड्यापेक्षा त्याच्यामागचं चित्र आधी बघायचं, आणि चित्रापेक्षा आधी टेबलावरच्या माणसाने काय सांगितलं ते ऐकायचं. माणूस बहुतेक वेळा सगळं सांगून मोकळा झालेला असतो.

मला कामावरून काढलं नाही. काढलं असं कुणी बोललं होतं, हेही आता कुणाला आठवत नाही. मॅडमनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी एकदा पाया पडायला गेलो, तर पाय मागे घेऊन म्हणाल्या, "तो सतरा नंबरचा फॉर्म भरलास का?" बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. त्या तीन वर्षांपासून मागे लागल्या आहेत.

यंदा भरला. गणिताची भीती वाटते. दहावी, मग बारावी, मग डिप्लोमा, रस्ता लांब आहे आणि माझं वयही पुढे चाललंय. पण मॅडम, तुम्ही हे वाचाल म्हणून इथे लिहून ठेवतो. काळ्या करगोट्यांची जुडी आता मी आणतो, ती ड्रॉवरमध्ये कधी संपणार नाही. आणि एक दिवस तुमच्या खुर्चीवर मी बसणार आहे. त्या वर्षी ईदला तुम्ही फोन बंद करून ठेवा आणि शिरखुर्मा गरम असतानाच खा.